पद्मिनीच्या इंजिनाचे ट्यूनिंग

प्रीमियर पद्मिनीच्या पेट्रोल इंजिनातला दोष हुडकून त्याचे टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, ज्यांच्यात ठरावीक फट ठेवावी लागते), प्रज्वलन आणि कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) पुन्हा मापात आणण्याचे काम. या इंजिनावर संगणक नाही, सेन्सर नाहीत. प्रत्येक माप हाताने लावायचे आणि ते झिजेबरोबर हलत राहणार, त्यामुळे ट्यूनिंग ठरावीक अंतराने पुन्हा करावेच लागते.

पद्मिनी म्हणजे इटलीच्या फियाट 1100 डीचा भारतीय अवतार. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. आधी तिचे नाव फियाट 1100 डिलाइट होते, 1974 पासून ती पद्मिनी झाली. इंजिन 1089 सीसीचे, चार सिलिंडरचे. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने तिला घराघरांत पोचवले. ऑक्टोबर 2023 अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून बाद झाली. आता उरलेल्या गाड्या बहुतेक हौशी मालकांकडे आहेत.

कामाचा क्रम सोडला की गोंधळ होतो. आधी टॅपेट, मग प्लग आणि पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणारे संपर्क), मग टाइमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, आणि कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी. गाडी झटके देऊ लागली की पहिला हात कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. ही सवय घातक आहे, कारण ‘पेट्रोल नीट येत नाही’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांचा दोष पॉइंटमध्ये निघतो.

मिसिंग, म्हणजे न पेटण्याचा दोष, कोणत्या सिलिंडरमध्ये आहे ते शोधायला इंजिन स्लोवर ठेवून रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढतात. ज्याची वायर काढल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. मग प्लग खोलून बघायचा. टोक फिकट विटकरी असेल तर मिश्रण योग्य, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरे पडले असेल तर कमी. ओलसर तेल दिसले तर झीज रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइडची आहे; तिथे ट्यूनिंगचा उपयोग नाही.

टॅपेटसाठी जोडीचा सिलिंडर बघतात. चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलू लागले, म्हणजे एक मिटताना दुसरा उघडू लागला, की पहिल्याचे टॅपेट मोकळे असतात. तेव्हा त्यांत फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालायचा. त्याच रीतीने दुसरा डुलताना तिसरा, पहिला डुलताना चौथा आणि तिसरा डुलताना दुसरा.

डेल्कोचे, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे, झाकण उघडले की पॉइंट दिसतात. एकावर टेंगूळ आणि समोरच्यावर खड्डा पडला असेल तर कंडेन्सरवर (पॉइंटवरची ठिणगी शोषणाऱ्या भागावर) संशय घ्यावा. नुसते पॉइंट बदलून दुखणे परत येते. टाइमिंग लावायला बारा व्होल्टचा एक साधा बल्ब पुरतो. त्याची एक वायर डेल्कोच्या कॉइलकडच्या टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला जोडायची. चावी चालू करून इंजिन हाताने फिरवत पहिल्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनवर टाइमिंगच्या खुणेवर आणायचे, डेल्कोचा बोल्ट सैल करायचा आणि डेल्को हळूहळू फिरवायचा. पॉइंट मिटलेले असेपर्यंत बल्ब विझलेला असतो. ज्या क्षणी तो पेटतो, त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच बोल्ट आवळायचा. स्ट्रोबच्या (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या) दिव्याने नंतर पडताळणी करता येते, पण ही रीत रस्त्याच्या कडेलाही चालते.

एवढे झाल्यावर इंजिन चांगले गरम करून कार्ब्युरेटरचा स्लो आणि मिक्श्चर स्क्रू लावतात. कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारी फ्लोटची सुई गळत असेल तर ओव्हरफ्लो होतो आणि कोणताही स्क्रू फिरवून गाडी सुधारत नाही.

मे महिन्यात घाट चढताना किंवा वाहतुकीत अडकल्यावर गाडी अचानक बंद पडली, पण तासाभराने काही न करता सुरू झाली, तर तो बहुधा व्हेपर लॉक असतो: पंपातच पेट्रोलची वाफ होते. ओला फडका पंपावर गुंडाळून चालक वाट काढत आले आहेत आणि तो उपाय खरोखर लागू पडतो.

इंधन बदलल्याने जुन्या मापांवरही परिणाम झाला. 2000 साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यावर जुन्या व्हॉल्व्ह सीटची शिशाची राखण गेली. टॅपेटची फट वारंवार कमी होऊ लागली तर सीट झिजते आहे असे समजून हेड उघडावे. 2023 पासून पंपांवर येऊ लागलेल्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला त्याच हवेसाठी जास्त इंधन लागते, म्हणून जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण पातळ पडते आणि प्लग पांढरे दिसू लागतात. अशा गाडीला थोडा मोठा मुख्य जेट घालून प्लगचा रंग पुन्हा तपासावा, आणि पंपाचा पडदा व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवाव्यात.