एक अधिक एक बरोबर १.८६

गेल्या पावसाळ्यात आमच्या कंपनीची सहल कर्जतजवळच्या एका रिसॉर्टवर गेली होती. सहल म्हणायचं नाही, 'टीम बिल्डिंग' म्हणायचं. सकाळी मिसळ आणि मिसळ जिरायच्या आत चिखलात रस्सीखेच. पर्चेस विरुद्ध क्वालिटी, दोन्हीकडे आठ-आठ माणसं, दोराच्या मधोमध लाल रुमाल. शिट्टी वाजायच्या आधी एचआरने बोलावलेला ट्रेनर माईकवर ओरडला, "लक्षात ठेवा, टीममध्ये एक अधिक एक दोन होत नाहीत, अकरा होतात!"

क्वालिटीच्या बाजूने मी सहावा होतो. माझ्यासमोर एक रुंद पाठ, मागे दोन दणकट पोरं. मी दात-ओठ खाल्ले होते हे नक्की, फोटोत तसा दिसतोय. पण जोर किती लावला, हे शपथेवर सांगता येणार नाही.

घरी येऊन ट्रेनरचं गणित तपासायला बसलो तेव्हा कळलं, की या विषयाच्या शास्त्राची सुरुवातच मुळी असल्या ओढाओढीतून झाली आहे. मॅक्स रिंगेलमान हा फ्रान्समधला शेती-अभियंता. त्याला ना मॅनेजमेंटशी देणंघेणं होतं, ना मानसशास्त्राशी. माणूस, बैल, घोडा आणि यंत्र यांच्याकडून जास्तीत जास्त काम कसं काढून घेता येईल, एवढाच त्याचा साधा शेतकी प्रश्न. १८८२ ते १८८७ या काळात त्याने माणसांना एकेकट्याने आणि गटाने ओढायला-ढकलायला लावून बल मोजलं, आणि १९१३ साली ते सगळं छापलं.

मिळून करायच्या अंगमेहनतीच्या कामांचं त्याने एक कोष्टक दिलं आहे. एकटा माणूस लावतो तो जोर १०० टक्के धरला, तर दोघांच्या गटात प्रत्येकाचा जोर ९३ टक्क्यांवर येतो. तिघांत ८५, चौघांत ७७, पाचांत ७०, सहांत ६३, सातांत ५६ आणि आठांत ४९. म्हणजे एक अधिक एक बरोबर १.८६. अकरा तर सोडाच, दोनसुद्धा होत नाहीत. शेवटच्या दोन आकड्यांचा गुणाकार करून पाहा. सात माणसं गुणिले ०.५६ म्हणजे ३.९२. आठ माणसं गुणिले ०.४९ म्हणजेही ३.९२. आठवा माणूस आला काय नि गेला काय! 'बारभाईची शेती, काय लागे हाती' असं म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांकडे कोष्टक नव्हतं, इतकंच.

आता खरी गंमत. हा जोर जातो कुठे?

पहिला संशय तांत्रिक. सगळे एकाच दिशेने ओढत नसतील. पण कोनाचा हिशेब करून पाहिला तर तो आरोपी सुटतो. दोराच्या रेषेपासून १५ अंश तिरकं ओढलं तरी कोसाइन १५ म्हणजे ०.९७, जेमतेम साडेतीन टक्के नुकसान. खरा घोळ वेळेचा असतो. माणसाचा जोर नळाच्या धारेसारखा सलग येत नाही, तो हिसक्या-हिसक्याने येतो. माझा हिसका तुमच्या हिसक्याच्या अर्धा सेकंद आधी आला तर दोराला एकाच क्षणी दोघांचा पुरा जोर कधीच मिळत नाही. म्हणून तर जड मशीन सरकवणारे हमाल "जोर लगाके हैशा" म्हणतात. ती हौस नसून घड्याळ असतं.

दुसरा संशय मनाचा. माणसं अंग चोरत असतील. रिंगेलमानने मुख्य दोष ताळमेळाला दिला, पण हेही त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पिठाच्या गिरणीचा दांडा फिरवणाऱ्या कैद्यांबद्दल त्याने लिहून ठेवलंय, की थोड्याच वेळात प्रत्येक जण शेजाऱ्याच्या भरवशावर राहून नुसता दांड्याबरोबर हात फिरवायचा, कधीकधी तर दांडाच त्याला ओढून न्यायचा. ऑडिटच्या आदल्या रात्री थांबलेल्या बारा जणांच्या टीममध्ये बसलेल्या कुणालाही हे दृश्य ओळखीचं वाटेल.

पण यातला ताळमेळाचा तोटा किती आणि मनाचा किती, हे वेगळं कसं काढणार? याचं उत्तर १९७४ साली ॲलन इंगम आणि सहकाऱ्यांनी दिलं, आणि हा प्रयोग मला भयंकर आवडतो. त्यांनी माणसाच्या डोळ्यांना पट्टी बांधली, दोर हातात दिला आणि त्याला सगळ्यात पुढे उभं केलं. मागे आणखी माणसं आहेत असं सांगितलं. मागे माणसं होतीही, पण ती प्रयोगकर्त्यांना सामील होती आणि ओढायचं नुसतं नाटक करत होती. म्हणजे दोर खरोखर तो एकटाच ओढतोय. ताळमेळ बिघडायचा प्रश्नच नाही, कारण मेळ घालायला कुणी नाहीच. तरीही मागे एक जण आहे असं वाटलं तर जोर ९० टक्क्यांवर आला, दोघं आहेत असं वाटलं तर ८५ वर. पुढे मागची संख्या वाढवली तरी तो साधारण तिथेच राहिला. दोराने काहीच चोरलं नव्हतं. १५ टक्के गळाले ते नुसत्या 'आहेत ना बाकीचे' या समजुतीने.

पाच वर्षांनी, १९७९ साली, अमेरिकेतल्या ओहायोमध्ये बिब लाताने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स यांनी दोर टाकून आवाज घेतला. विद्यार्थ्यांना जमेल तितक्या जोरात ओरडायला आणि टाळ्या वाजवायला सांगितलं आणि ध्वनीचा दाब मोजला. एकट्याची क्षमता १०० धरली तर दोघांचा गट ७१ टक्के, चौघांचा ५१, सहांचा ४०. रिंगेलमानपेक्षाही मोठी घसरण.

हे आकडे पाहून माझ्यातला जुना फिजिक्सवाला खडबडून जागा झाला. ७१, ५१, ४०. आता १ भागिले वर्गमूळ २ काढा: ०.७१. १ भागिले वर्गमूळ ४: ०.५०. १ भागिले वर्गमूळ ६: ०.४१. यामागे भौतिकशास्त्र असू शकतं. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबाचा चढउतार. दोन माणसं ओरडतात तेव्हा एकाच्या लाटेचा चढ कधी दुसऱ्याच्या चढावर पडतो, कधी उतारावर. असे बेशिस्त आवाज एकत्र आले की त्यांची ऊर्जा सरळ बेरजेने वाढते, पण दाब हा ऊर्जेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे n माणसं ओरडली तर एकूण दाब n पट न होता √n पट होतो, आणि माणशी वाटा √n भागिले n, म्हणजे १ भागिले √n. गुत्त्यातून बाहेर पडलेला माणूस शंभर पावलं वाट्टेल तशी टाकून साधारण दहाच पावलं लांब जातो, तेच हे गणित. ढोलपथकात ६० ढोल असले तरी ढोबळमानाने दाब एका ढोलाच्या पावणेआठ पटच भरतो. (कानाचं लॉगॅरिदम याच्यावर आणखी वेगळं. त्यात शिरत नाही, नाहीतर उरलेसुरले वाचकही जातील.)

म्हणजे पहिल्या प्रयोगातली घसरण नुसत्या भौतिकशास्त्राने समजावता येते, पोरांना आळशी म्हणायची गरजच नाही! या तिघांनाही हा धोका माहीत होता. म्हणून त्यांनी दुसरा प्रयोग केला. डोळ्यांना पट्टी, कानांवर हेडफोन आणि हेडफोनमध्ये गोंगाट. माणसाला वाटतंय की आपण गटात ओरडतोय, प्रत्यक्षात ओरडतोय एकटाच. लाटांनी लाटा खाण्याचा प्रश्न मिटला. आपण दोघं आहोत असं वाटलं तेव्हा आवाज ८२ टक्के. सहा आहोत असं वाटलं तेव्हा ७४. याच दुसऱ्या प्रयोगातल्या खऱ्याखुऱ्या गटांत हेच आकडे ६६ आणि ३६ होते. सहा जणांच्या गटातला निम्म्याहून जास्त तोटा हवेने खाल्ला होता, पण उरलेला माणसाच्या मनानेच. याला मानसशास्त्रात 'सोशल लोफिंग' म्हणतात. आपल्याकडे शब्द तयार आहे: अंगचोरी.

यात भाग घेणारे काही नामांकित कामचुकार नव्हते, कॉलेजात जाणारी साधी पोरं होती. अंगचोरी हा माणसाच्या स्वभावातला दोष कमी आणि कामाच्या मांडणीतला जास्त. १९८१ साली याच तिघांनी त्याचा पुरावाही दिला. प्रत्येकाचा आवाज वेगळा नोंदला जातोय असं सांगितल्यावर गटातली अंगचोरी नाहीशी झाली. कुणाचाच आवाज वेगळा ओळखता येणार नाही असं सांगितलं, तर पठ्ठे एकट्याने ओरडतानाही कमी ओरडले.

एचआरचं खरं काम इथे सुरू होतं आणि त्याला रिसॉर्ट लागत नाही. आमच्या क्वालिटीच्या मीटिंगमध्ये एक तक्ता असतो, त्यात 'जबाबदारी' नावाचा रकाना. एका ओळीत त्या रकान्यात 'क्वालिटी टीम' लिहिलेलं होतं. गेज कॅलिब्रेशनची, म्हणजे मोजमापाची उपकरणं बरोबर मोजतात का ते तपासायची, ती ओळ तीन आठवडे जशीच्या तशी पुढे सरकत राहिली. चौथ्या आठवड्यात कुणीतरी तिथे एकाच माणसाचं नाव टाकलं. गुरुवारी काम झालेलं होतं. संस्था घडवणं वगैरे जे म्हणतात त्यातला बराच भाग असल्या रकान्यांत असतो: कोणाच्या वाट्याला नेमकं काय, ते कोणाला दिसतं, आणि टीममध्ये माणसं किती.

संख्येबद्दल सांगायचं तर रिचर्ड हॅकमन आणि नील विडमार यांनी १९७० साली दोन ते सात जणांच्या गटांना काम देऊन नंतर विचारलं, गट फार लहान वाटला की फार मोठा? दोन्ही तक्रारींच्या रेषा ४.६ माणसांपाशी एकमेकींना छेदत होत्या. ०.६ माणूस कुठून आणायचा ते एचआरने बघावं. चौघांत जोड्या होतात ६, आठांत २८, आणि प्रत्येक जोडी हा गैरसमजाला मिळालेला एक स्वतंत्र रस्ता असतो.

पण हे वाचून कुणी लगेच प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर कळा मोजणारं सॉफ्टवेअर बसवायला निघेल, त्याला आधीच थांबवतो. वाटा दिसणं वेगळं आणि पाळत ठेवणं वेगळं. माणसांना एकमेकांविरुद्ध क्रम लावून ठराविक टक्के लोक खालच्या पायरीवर बसवायचेच, ही पद्धतही कित्येक वर्षं मिरवली गेली. मायक्रोसॉफ्टने ती २०१३ साली बंद केली. शेजाऱ्याचं रेटिंग खाली गेल्याने माझं वर जाणार असेल, तर त्याचं मशीन बिघडल्यावर मी पाना घेऊन कशाला धावेन?

एचआरच्या जगातली दुसरी साथ व्यक्तिमत्त्व-चाचण्यांची. माणसांचे १६ प्रकार, प्रत्येकाला चार अक्षरं, मग कुणाचं कुणाशी जमेल याचा तक्ता. ही प्रसिद्ध 'मायर्स-ब्रिग्ज' चाचणी कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी बनवली. दोघींपैकी एकीचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा 'प्रकार' बदललेला निघतो. पत्रिकेतले ३६ गुण निदान दुसऱ्यांदा मोजले तरी तेवढेच भरतात! उमेदवाराची रास विचारणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांना हसणारे एचआरवाले चार अक्षरांवर डोळे मिटून विश्वास ठेवतात, याची मला मौज वाटते.

रिंगेलमानचं कोष्टक म्हणजे दगडावरची रेघ नाही, हेही सांगायला हवं. स्टीव्हन काराव आणि विल्यम्स यांनी १९९३ साली ७८ अभ्यास एकत्र तपासले. अंगचोरी सगळीकडे कमी-जास्त सापडली. पण काम माणसाला मोलाचं वाटत असेल, गट जिव्हाळ्याचा असेल, किंवा आपला वाटा दुसऱ्या कुणाला भरून काढता येणार नसेल, तिथे ती ओसरते. आणि कधी उलटंही होतं. ओटो क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात बर्लिनच्या वल्हवणाऱ्या क्लबातल्या मंडळींना जोडीने वजन उचलायला लावलं. एकाचे हात थकले की दोघांचा खेळ संपणार. अशा वेळी जोडीतला कमजोर गडी एकट्याने टिकला असता त्याच्यापेक्षा जास्त वेळ टिकला, विशेषतः दोघांच्या ताकदीत बेताची तफावत असेल तेव्हा. हंडीच्या खालच्या थरात हेच चालतं. तिथे आठवा माणूस आला काय नि गेला काय, असं म्हणायची सोय नाही. एकाचा गुडघा वाकला की वरचे सगळे थर खाली. दोर ओढणं हे बेरजेचं काम, थर लावणं हे सगळ्यात कच्च्या दुव्याचं काम. आमच्या ट्रेनरने बेरजेचा खेळ निवडला, म्हणजे नेमका तोच, ज्यात लपता येतं.

हे सगळं मी एचआरच्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दोर नको, बघू काहीतरी." तोवर ऑफिसचा गणपती आला. आरतीला चाळीस जण, टाळ्या यथातथा, आणि मंत्रपुष्पांजलीला नेहमीप्रमाणे दोघांचे शब्द आणि अडतीस जणांचं गुणगुणणं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातला कॉर्डलेस माईक उचलला आणि रांगेतून फिरवायला सुरुवात केली. माईक ज्याच्यासमोर येई त्याचा आवाज टाचा उंचावल्यासारखा वर चढे आणि पुढे गेला की बसे. विल्यम्सचा १९८१ चा प्रयोग जसाच्या तसा. मी खूश होऊन बघत होतो. 'साम्राज्यं भौज्यं स्वाराज्यं'पर्यंत माईक माझ्यापुढे आला. त्याच्या पुढचं मला येत नाही.