तिखट मत वेगळं, सरकारच्या आश्रयाचा द्वेष वेगळा

आझाद मैदानात कुणी मुख्यमंत्र्यांचे वाभाडे काढले आणि दुसरीकडे एखाद्या मंत्र्याने भर सभेत एका समाजावर बहिष्कार टाकायला सांगितलं, तर टीव्हीवर दोघंही ‘भडकाऊ’च ठरतात. भाषा किती तिखट, यावरून हे ठरवूच नये. बोलणारा कोण, बोलतोय कुणाविरुद्ध आणि पोलीस कुणाच्या बाजूने उभे आहेत, ते बघावं.

२०१२ साली बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारला, दुसरीने तो लाइक केला. दोघींना अटक झाली. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणाऱ्या कलम ६६अ ला आव्हान दिलं गेलं आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. चर्चा आणि एखाद्या मताचा पुरस्कार, दोन्ही कितीही बोचले तरी चालतात. सरकारला हात घालता येतो तो चिथावणीवर, असं न्यायालयाने सांगितलं.

मग चिथावणीचं काय होतं? १९९२-९३च्या दंगलींच्या काळातल्या ‘सामना’तल्या अग्रलेखांवर खटला भरायला सरकारने मंजुरी द्यावी, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात झाली. १९९४ मध्ये ती फेटाळली गेली. मंजुरी का लागते? समाजांत वैर पसरवण्याच्या गुन्ह्याची (जुन्या दंडसंहितेचं कलम १५३अ, आता भारतीय न्यायसंहितेचं १९६) दखल न्यायालयाला केंद्र किंवा राज्य सरकारच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. कुलूप कायद्याचं, किल्ली सरकारच्या खिशात. द्वेष पसरवणारा सरकारच्या मर्जीतला असला, की फाइल नुसती पडून ठेवली तरी पुरतं. माझ्या मते हाही सरकारी आश्रयच, भाषण कुणी लिहून दिलेलं नसलं तरी.

वाहिन्यांचा दुटप्पीपणा इथेच मदतीला येतो. करोनाच्या सुरुवातीला तबलिगींवर, म्हणजे तबलिगी जमात या मुस्लीम धर्मप्रचारक संघटनेच्या लोकांवर, साथ पसरवल्याचा आरोप करून त्यांना खलनायक ठरवणारे कार्यक्रम दिवसरात्र चालले. ऑगस्ट २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांनी त्यांच्याविरुद्ध मोठा अपप्रचार केल्याचं निकालात नोंदवलं. आरोपाला मिळाला तेवढा वेळ या निकालाला द्यायला हवा होता. ज्यांची बदनामी झाली त्यांच्या हातात वाहिनी नसते, म्हणून हे मला जास्त खुपतं.

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावलं, की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न बघता स्वतःहून गुन्हा नोंदवा. गुन्हा त्यामुळे नोंदवला जाईल. खटल्याची मंजुरी मात्र अजूनही त्याच सरकारकडे मागावी लागते.