पाट्यापाशी झिजलेली हाडं

शेतीचा शोध लागला, माणसाची वणवण थांबली आणि तो पोटभर जेवू लागला, असं आपण शाळेत शिकतो. वणवण थांबली हे खरं. पोटभर जेवण्याचं मात्र त्या काळच्या सांगाड्यांवरून पटत नाही.

सीरियात युफ्रेटिसकाठचं अबू हुरेरा हे प्राचीन गाव धरणात बुडण्याआधी, १९७२-७३ मध्ये, घाईने खणलं गेलं. तिथल्या सुरुवातीच्या शेतकरी बायकांच्या पायाच्या अंगठ्यांचे सांधे झिजलेले होते, गुडघ्यांवर आणि मणक्यांवर ताणाच्या खुणा होत्या. गुडघे टेकून, पायाची बोटं दुमडून, पाट्यासारख्या दगडावर त्या रोज तासन्‌तास धान्य रगडत. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात डिक्सन माउंड्स या प्राचीन दफनस्थळी मक्याची शेती वाढली, तशा दातांच्या एनॅमलवर बालपणीच्या उपासमारीच्या आणि आजारांच्या आडव्या रेघाही वाढल्या. पण म्हणून ‘आदिमानवाचा आहार’ सर्व रोगांवर उपाय म्हणून विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. त्या आदिमानवांचीही कितीतरी मुलं लहानपणीच दगावत.

मग एवढं सोसून शेती पसरली कशी? मला सर्वांत पटणारं उत्तर अंगावरच्या दुधात आहे.

बाळ दूध ओढतं तेव्हा मज्जातंतूंवाटे संदेश मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला पोचतो. हा भाग एरवी ठरावीक अंतराने जीएनआरएच हे संप्रेरक सोडत असतो. त्या तालावर मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एलएच हे दुसरं संप्रेरक सोडते आणि एलएचची लाट उसळली की बीजांड सुटतं. बाळ वारंवार पीत असेल, तर ताल मंदावतो, लाट उठत नाही, पाळी लांबते. दूध किती प्यायलं यापेक्षा किती वेळा प्यायलं, याला इथे महत्त्व. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या भटक्या कुंग जमातीतल्या बायका दिवसा तासाला सुमारे चार वेळा, थोडा थोडा वेळ पाजत, असं १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्यांच्या दोन मुलांत साधारण चार वर्षांचं अंतर असे. भटकताना कडेवर एकच मूल झेपतं.

एका जागी राहिल्यावर ही अडचण उरली नाही. धान्याची मऊ पेज मिळू लागली, बाळाचं अंगावरचं दूध लवकर सुटलं, पाळणा लवकर हलू लागला. लोकसंख्या वर्षाला हजारी एकाने वाढली, तरी सुमारे ७०० वर्षांत दुप्पट होते. एवढी तोंडं रानातल्या कंदमुळांवर पोसणं शक्य नव्हतं. बायका पुन्हा पाट्यापाशी बसल्या.