नील बापलेकांचं दुकान

संगीतकार हॅन्डेलचं 'मसाया', म्हणजे येशूवरचं गायक-वादकांचं मोठं संगीत, लंडनला नाही तर डब्लिनला पहिल्यांदा झालं, १३ एप्रिल १७४२ ला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण ज्या हॉलमध्ये झालं तो 'मिस्टर नीलचा म्युझिक हॉल', आणि हे नील म्हणजे कुणी सरदार वगैरे नाही, वाद्यं विकणाऱ्याचा मुलगा.

बाप जॉन नील, दुकान क्राइस्ट चर्चच्या आवारात. वाद्यं बनवायचा, विकायचा, आणि मुलगा विल्यम हाताशी आल्यावर दोघं मिळून स्वरलिपीची पुस्तकंही छापायला लागले. तेव्हा इंग्लंडचा १७१० चा कॉपीराइट कायदा आयर्लंडला लागूच नव्हता, म्हणजे लंडनला जे गाजतंय ते डब्लिनवाल्यांनी बिनधास्त छापावं, विचारणारं कुणी नाही. असा आयता माल समोर असताना या दोघांनी १७२४ च्या सुमारास निव्वळ आयरिश चालींचं पुस्तक काढलं, असं छापील पुस्तक पहिलंच. मला तरी हे त्या हॉलपेक्षा मोठं काम वाटतं.

पण दुकानदार तो दुकानदारच! मुखपृष्ठावर 'कलेक्शन'च्या स्पेलिंगमध्ये एक एल कमी, आणि लगेच पुढे लिहिलंय की या चाली व्हायोलिन, जर्मन फ्लूट (म्हणजे आडवी धरतात ती बासरी) आणि ओबो (फुंकून वाजवायचं, सनईसारखं वाद्य) यांवर वाजवायला योग्य आहेत. आता यातल्या कितीतरी चाली हार्पवाल्यांच्या (हार्प म्हणजे बोटांनी छेडायचं मोठं तंतुवाद्य), अंध हार्पवादक कॅरोलनच्या सुद्धा, आणि कॅरोलन तेव्हा हयात होता, १७३८ ला गेला. हार्पचं नाव मुखपृष्ठावर नाही, कारण गिऱ्हाईक हार्पवालं नव्हतंच, शहरातले हौशी लोक घरी व्हायोलिन नाहीतर फ्लूट घेऊन बसायचे, पुस्तक त्यांच्यासाठी.

पुढे विल्यम एका धर्मादाय संगीत मंडळाचा खजिनदार झाला आणि फिशॅम्बल स्ट्रीटवर, म्हणजे जुन्या मासळीबाजाराच्या रस्त्यावर, १७४१ मध्ये तो हॉल उघडला. 'मसाया'ला बायकांनी घेरदार झग्याखालच्या कड्या घालू नयेत आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात अशी आधीच विनंती केलेली, म्हणून ६०० च्या जागेत ७०० माणसं मावली. जमलेल्या ४०० पौंडांतला वाटा कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांसाठी गेला, १४२ जण सुटले म्हणतात.

हॉलची आता कमान तेवढी उरलीय. पुस्तकाची एक प्रत मात्र आयरिश हार्पच्या चाली गोळा करणाऱ्या एडवर्ड बंटिंगकडे होती, ती बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत आहे.