तीन काळ्या-पांढऱ्या फिती आणि एक रंगीत नदी

सिनेमा सुरू होतो तो एका हातापासून. तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बुडवलेली बोटं जमिनीवर पांढरी रेघ ओढतायत, बंगालमध्ये याला आल्पना म्हणतात, आपल्या रांगोळीची ओली बहीणच म्हणा ना. हा फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वाचा 'द रिव्हर', १९५१ चा. मी पहिल्यांदा पाहिला तो एका थकल्याभागल्या व्हिडिओ कॉपीवर, आणि त्या पांढऱ्या रेघेच्या एका कडेला लालसर, दुसऱ्या कडेला हिरवट-निळी अशी झाक होती, मला वाटलं आपला टीव्हीच गेला. मग बऱ्याच वर्षांनी रिस्टोअर केलेली, म्हणजे जुन्या फिल्मवरून दुरुस्त करून काढलेली, ब्लू-रे डिस्क हाताला लागली, लावली, आणि रेघ पांढरी. पांढरी म्हणजे पांढरी. मी तो सीन तीनदा मागे घेऊन पाहिला, घरातल्यांना वाटलं याला रांगोळीचं वेड लागलं.

गोष्ट थोडक्यात सांगतो. हुगळीच्या काठी राहणारं एक इंग्रज कुटुंब, वडील ताग गिरणीत, मोठी मुलगी हॅरिएट कविता करणारी, वयात येणारी, आणि युद्धात पाय गमावलेला एक कॅप्टन पाहुणा म्हणून येतो. मूळ कादंबरी रूमर गॉडनची, १९४६ ची, तिचं स्वतःचं बालपण नारायणगंजला गेलेलं, जे आता बांगलादेशात आहे. इंग्रज बंगल्याच्या कंपाउंडच्या आतून दिसणारा भारत आहे हा, आणि त्याच्या मर्यादा उघड आहेत, नोकरचाकर कडेकडेनेच वावरतात. पण शूटिंग झालं ते खऱ्या जागी, १९४९-५० मध्ये, बराकपूरच्या आसपास, म्हणजे इंग्रजांचं राज्य संपून दोन-अडीच वर्षं झाली होती. आणि झालं ते टेक्निकलर नावाच्या तेव्हाच्या रंगीत पद्धतीनं, भारतात शूट झालेला हा पहिला टेक्निकलर सिनेमा मानतात. आपली सोहराब मोदींची 'झाँसी की रानी' त्यानंतर, १९५३ ला.

आता मुद्दा. टेक्निकलरच्या कॅमेऱ्यात रंगीत फिल्म नसायची. परत वाचा, नसायचीच. आत तीन वेगवेगळ्या काळ्या-पांढऱ्या फिती एकाच वेळी धावायच्या. लेन्समधून आलेला प्रकाश एका प्रिझमवर पडायचा, प्रिझमच्या मधोमध अर्धवट आरसा, त्यामुळे थोडा प्रकाश सरळ जायचा आणि बाकीचा काटकोनात वळायचा. सरळ जाणारा हिरव्या फिल्टरमधून जाऊन एका फितीवर. वळलेल्या वाटेवर मात्र दोन फिती एकमेकींना तोंडाला तोंड लावून बसलेल्या, पुढची निळा प्रकाश पकडणार आणि तिच्या आरपार जे काही गेलं त्यातला लाल मागची पकडणार. म्हणूनच लाल फितीवरची इमेज जरा मऊ, थोडी धूसर येते, बिचारीला सगळं दुसऱ्याच्या अंगातून गाळून मिळतं.

या तीन निगेटिव्हवरून मग तीन 'साचे' बनायचे, जिलेटिनचे, जिथे जेवढा रंग हवा तिथे तेवढा जाड थर. एक साचा निळसर-हिरव्या रंगात बुडवायचा, एक किरमिजी, एक पिवळ्या, आणि कोऱ्या फिल्मवर एकावर एक दाबून काढायचे. थोडक्यात ही फोटोग्राफी कमी आणि छपाईच जास्त. हे करणारी लॅब कोलकात्यात नव्हती, निगेटिव्ह लंडनला जायचं.

एवढा खटाटोप, एवढा अवजड कॅमेरा, आणि नेमकं त्यातूनच या सिनेमाचं नशीब उघडलं. कारण १९५० मध्ये ईस्टमनकलर आली, एकाच फितीत तिन्ही रंग, सगळ्यांची सोय झाली, पण त्या फितीतले रंग म्हणजे सेंद्रिय रसायनं, ती वर्षानुवर्षं हळूहळू मोडत जातात, त्यातही तिन्ही सारख्या वेगानं नाही. जुन्या रंगीत सिनेमांच्या प्रिंट गुलाबी पडलेल्या पाहिल्या असतील तुम्ही, तो हाच प्रकार, निळसर-हिरवा रंग आधी पळतो आणि मागे उरतं गुलाबी धुकं. टेक्निकलरच्या निगेटिव्हमध्ये मात्र रंग नाहीच, आहे ती चांदी, काळ्या-पांढऱ्या फितीवरचं चित्र चांदीच्या बारीक कणांचंच बनतं. चांदीचे कण फिके पडत नाहीत, नीट धुतलेले आणि नीट ठेवलेले असले म्हणजे झालं. रंग टिकला तो रंगात साठवला नव्हता म्हणून!

पण चांदी टिकली तरी ती ज्याच्यावर बसलीय ते प्लास्टिक टिकतं असं नाही. त्या काळच्या फिल्मचा पाया एकतर सेल्युलोज नायट्रेट, जे धडाधड पेटतं, नाहीतर सेल्युलोज ॲसिटेट, जे हवेतल्या दमटपणानं आणि उष्णतेनं कुजताना व्हिनेगरचा वास सोडतं, आणि सुटलेलं ॲसिड पुढची कुजण्याची क्रिया आणखी वाढवतं. दोन्ही आकसतात. आणि तीन फिती असल्या की तिन्ही सारख्या आकसतील कशाला?

जरा हिशोब करू, मला हा हिशोब फार आवडतो. ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्राची रुंदी साधारण २२ मिलिमीटर. समजा लाल फीत बाकीच्या दोघींपेक्षा फक्त ०.२ टक्के जास्त आकसली. म्हणजे ०.०४४ मिलिमीटर, केसाच्या जाडीहून कमी. पण तेच चित्र १२ मीटरच्या पडद्यावर गेलं की ही चूक २.४ सेंटिमीटरची होते, अर्धी डाव्या कडेला आणि अर्धी उजवीकडे वाटून घेतली तरी सव्वा सेंटिमीटर कुठे जात नाही. स्कॅनिंगच्या भाषेत, आडव्या ४०९६ पिक्सेलनं स्कॅन केलं तर साधारण ८ पिक्सेल. जुन्या कॅलेंडरवर देवाच्या ओठांचा लाल रंग ओठांबाहेर सरकलेला असायचा ना, तेच. माझ्या त्या जुन्या कॉपीतली रेघ लाल-निळी दिसत होती ती यानेच असणार, पांढरा दिसायला तिन्ही रंग एकाच जागी पडावे लागतात, एक जरी सरकला तरी कडेला त्याची शेपटी दिसते. त्या अर्थानं आल्पनेचा तो सीन म्हणजे आयती चाचणीपट्टीच.

डिजिटल पद्धतीत तिन्ही फिती वेगवेगळ्या स्कॅन करतात आणि सॉफ्टवेअर एकीला रबराच्या चादरीसारखं ताणून दुसरीवर बसवतं. ऐकायला सोपं. पण ताणायचं कुठून कुठे हे ठरवायला दोन्ही चित्रांतले सारखे बिंदू शोधावे लागतात आणि ही चित्रं सारखी नसतातच! लाल साडी लाल फितीच्या पॉझिटिव्हमध्ये (निगेटिव्हवरून काढलेल्या सुलट चित्रात) जवळजवळ पांढरी असते, निळ्या फितीच्या पॉझिटिव्हमध्ये काळी. मशीन म्हणतं, ही तीच बाई आहे कशावरून?

सिनेमा ९९ मिनिटांचा. सेकंदाला २४ फ्रेम धरून १,४२,५६० फ्रेम, आणि गुणिले तीन, ४,२७,६८०. धूळ पडली असेल तर ती यातल्या कशावरही.

धुळीचं तर आणखी गमतीदार आहे. आधुनिक रंगीत निगेटिव्हची धूळ शोधायला इन्फ्रारेड वापरतात, रंगद्रव्यं इन्फ्रारेडला पारदर्शक असतात पण धूळ नाही, म्हणजे इन्फ्रारेड फोटोत फक्त कचरा दिसतो, मस्त युक्ती आहे. पण चांदी इन्फ्रारेड अडवते. म्हणजे ज्या चांदीनं रंग वाचवला तिच्यामुळेच ही युक्ती इथे बाद. ओरखड्यांसाठी ओला स्कॅन चालतो, म्हणजे फिल्म अशा द्रवात बुडवून स्कॅन करायची ज्यात प्रकाश फिल्मच्या प्लास्टिकइतकाच वळतो, मग प्लास्टिकच्या बाजूचा ओरखडा द्रवानं भरून निघतो आणि दिसतच नाही, घासून पांढुरकी झालेली काच ओली केल्यावर आरपार दिसते तसं. चांदीच्या थरातच ओरखडा गेला असेल तर मात्र द्रव काही करू शकत नाही.

बाकी धुळीसाठी सॉफ्टवेअर आधीची फ्रेम, आत्ताची आणि पुढची अशा तीन फ्रेम शेजारी ठेवून बघतं. जे फक्त मधल्या फ्रेममध्ये आहे आणि मागेपुढे कुठेच नाही, तो कचरा, पुसा. नियम बरोबरच आहे, फक्त या सिनेमात होळी आहे. गुलाल उडतोय, मुठी मोकळ्या होतायत, हवेत रंगाचा धुरळा, आणि त्यातला प्रत्येक कण एका फ्रेमपुरता येऊन जाणारा. मशीनला विचारलं तर ही अख्खी होळीच कचरा! अशा ठिकाणी ऑटोमॅटिक बंद करून माणसाला बसवावं लागतं, फ्रेम बाय फ्रेम, हा गुलाल, ही धूळ, हा गुलाल. कंटाळवाणं काम आहे आणि नीट झालं की कुणाच्या लक्षातही येत नाही.

या सिनेमाचं रिस्टोरेशन २००४ साली अमेरिकेतल्या ॲकॅडमी फिल्म आर्काइव्हनं केलं, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट आणि जेनस फिल्म्स या वितरण कंपनीला सोबत घेऊन. जुने सिनेमे डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीनं २००५ ला डीव्हीडी काढली आणि २०१५ ला ब्लू-रे. योगायोग बघा, रेन्वा लोकेशन शोधत बंगालमध्ये हिंडत होता तेव्हा त्याच्यासोबत जाहिरात कंपनीतला एक तरुण फिरायचा, सत्यजित राय, आणि सेटवर नुसतं बघायला येऊन बसणारा पोरगा म्हणजे सुब्रत मित्र, पुढे रायचा पहिला सिनेमा 'पथेर पांचाली' त्यानंच शूट केला. त्या 'पथेर पांचाली'चं मूळ निगेटिव्ह १९९३ ला लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळलं. जळकी रिळं ॲकॅडमीनंच जपून ठेवली, आणि वीसेक वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबनं त्या कडक, ठिसूळ फितींना परत ओलावा देऊन, हातानं शिवून साधारण ४० टक्के 'पथेर पांचाली' त्या मूळ निगेटिव्हमधून बाहेर काढला. रायच्याच 'अपूर संसार'चं मूळ निगेटिव्ह मात्र हाती लागण्यापलीकडे गेलं होतं, तिथे दुसऱ्या कॉप्यांवर काम करावं लागलं.

परत डिस्ककडे. ब्लू-रेची फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेल, म्हणजे जवळपास पावणेएकवीस लाख. प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरले तर सेकंदाला सुमारे १५० मेगाबाइट, आणि ९९ मिनिटांचे जवळजवळ ८९० गिगाबाइट. डिस्कवर जागा जास्तीत जास्त ५०. म्हणजे बहुतेक सगळं फेकून द्यायचं आणि प्रेक्षकाला कळू द्यायचं नाही. कॉम्प्रेशन हे करतं 'मागच्या फ्रेमसारखंच आहे' असं म्हणत म्हणत, भिंत हलली नाही तर भिंत परत कशाला साठवा. पण फिल्मला ग्रेन असतो, चांदीच्या कणांचा रवाळपणा, तो प्रत्येक फ्रेममध्ये नव्यानं पडतो, कशासारखाच नसतो. कॉम्प्रेशनला ग्रेनचा मनस्वी राग. म्हणून काही कंपन्या आधीच ग्रेन पुसून टाकतात, फाइल छोटी, चित्र गुळगुळीत, आणि नट मेणाच्या म्युझियममधून उठून आल्यासारखे. लोकांना ते 'क्लीन' वाटतं, माझं डोकं उठतं. ग्रेनबरोबर कातडीची छिद्रं जातात, सुती कापडाचा पोत जातो, आणि नदीवर मागे दूर होडी वल्हवणारा तो माणूस, ज्याला गोष्टीत नावसुद्धा नाही, त्याचा चेहरा जातो.

ही डिस्क कुठे मिळाली तर दिवाळीच्या सीनला पॉज करा. पणत्यांकडे बघू नका, पणत्यांच्या मागच्या अंधाराकडे बघा. तिथे अंधार बारीक रवाळ दिसला, एकेक फ्रेम पुढे नेताना किंचित सळसळला, तर ठीक. चौकोनी डाग दिसले किंवा सपाट काळा रंग दिसला तर आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'नॉइज रिडक्शन' (टीव्हीची ग्रेन पुसणारी सोय) बंद करा, अर्ध्या वेळा कारटं तेच असतं, आणि मग परत बघा.