विशेष हवाई पथके

शत्रूच्या मुलखात कमांडो किंवा हेर गुपचूप उतरवणे, त्यांना रसद पोचवणे, गरज पडली तर वरून गोळीबाराचा आधार देणे आणि काम आटोपल्यावर त्यांना बाहेर काढणे, यासाठी वेगळ्या राखलेल्या लष्करी हवाई तुकड्या. शत्रूची विमाने पाडणे हे त्यांचे काम नव्हे. बहुतेक मोहिमा रात्रीच्या, कमी उंचीवरून आणि दिवे मालवून होतात.

या कामाला पद्धतशीर रूप आले दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटिश हवाई दलाच्या १३८ आणि १६१ क्रमांकाच्या स्क्वाड्रन इंग्लंडमधील टेम्प्सफर्डच्या तळाशी जोडलेल्या होत्या. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये हेर सोडण्यासाठी त्या ‘लायसँडर’ हे एक इंजिनाचे संथ विमान वापरत. तेव्हा रात्री वाट शोधायला नदी, रेल्वेमार्ग आणि चांदणे एवढाच आधार असल्याने या फेऱ्या पौर्णिमेच्या आगेमागेच होत. एखाद्या शेतात वाट पाहणारे साथीदार उलट्या ‘एल’च्या आकारात तीन बॅटऱ्या लावत, तीच धावपट्टी. विमानाच्या कुशीला कायमची बसवलेली शिडी होती. इंजिन चालूच ठेवून आलेले लोक उतरवायचे, परतणारे चढवायचे आणि काही मिनिटांत पुन्हा उडायचे.

ब्रह्मदेशात प्रकार निराळा होता. फिलिप कॉक्रन आणि जॉन ॲलिसन यांच्या अमेरिकी ‘एअर कमांडो’ गटाने ५ मार्च १९४४ च्या रात्री आसाममधील लालाघाटहून ग्लायडर ओढत नेले आणि ब्रिटिश सेनानी विंगेट यांच्या ‘चिंडिट’ या छापामार दलाचे सैनिक जपानी फळीच्या मागे उतरवले. पुढच्याच महिन्यात या गटाचा वैमानिक कार्टर हार्मन याने सिकॉर्स्की हेलिकॉप्टरने अडकलेला एक वैमानिक आणि तीन जखमी सैनिक बाहेर काढले. यंत्राची ताकद एका वेळी एकच प्रवासी उचलण्याइतकी, त्यामुळे प्रत्येकासाठी स्वतंत्र फेरी करावी लागली. हेलिकॉप्टरने केलेली ही पहिली युद्धक्षेत्रीय सुटका मानतात.

आजच्या पथकांची घडण मात्र एका फसलेल्या मोहिमेतून झाली. तेहरानमधील अमेरिकी ओलिसांना सोडवण्यासाठी एप्रिल १९८० मध्ये ‘निमिट्झ’ या विमानवाहू नौकेवरून आठ हेलिकॉप्टरे निघाली. ती नौदलाची, सुरुंग काढण्याच्या कामाची होती. चालवणारे बहुतेक मरीन दलाचे. इंधन घेऊन येणारी विमाने हवाई दलाची. वाटेत धुळीच्या लोटांनी गाठले. वाळवंटातील ठरल्या जागी सहाच पोचली, त्यातलेही एक नादुरुस्त निघाले. किमान सहा हवीत असे आधीच ठरले असल्याने मोहीम रद्द झाली. माघार घेताना एक हेलिकॉप्टर इंधनाच्या विमानावर आदळले आणि आठ जण ठार झाले. बिघाड आणि हवामान ही कारणे खरीच, पण वेगवेगळ्या दलांची माणसे एका अवघड रात्रीसाठी एकत्र आणली होती, हा दोष त्यांहून मोठा म्हणावा लागेल.

त्यानंतर १९८१ मध्ये अमेरिकी लष्कराने फोर्ट कॅम्पबेल येथे १६० वी विशेष हवाई बटालियन उभी केली. पुढे तिची रेजिमेंट झाली. ‘नाइट स्टॉकर्स’ म्हणून ती ओळखली जाते. ठरल्या ठिकाणी ठरल्या वेळेच्या ३० सेकंद आत-बाहेर पोचायचे, हा त्यांचा दंडक. तो पाळता येतो, कारण हे वैमानिक ज्या कमांडोंना नेतात त्यांच्याबरोबरच वर्षानुवर्षे सराव करतात. हवाई दलाचे स्वतंत्र विशेष मोहीम कमांड १९९० मध्ये फ्लोरिडातील हर्लबर्ट फील्ड येथे स्थापन झाले.

साधने नेहमीचीच, पण बदललेली. चिनूक आणि ब्लॅक हॉकच्या नाकाशी पुढे आलेली लांब नळी असते. पुढे उडणाऱ्या हर्क्युलिस या मालवाहू विमानामागे तरंगणाऱ्या पाइपाच्या टोकाशी ती जुळवून हवेतच इंधन घेतात. त्यासाठी हेलिकॉप्टरला वेग वाढवावा लागतो, तर विमानाला आवरावा लागतो. अंधारात नाइट व्हिजन गॉगल आणि जमिनीच्या चढउतारांचा माग घेणारे रडार मदतीला असते. ‘गनशिप’ ही हर्क्युलिसचीच आवृत्ती; लक्ष्याभोवती घिरट्या घालत ती एका बाजूने तोफा डागते. अंधार हेच तिचे चिलखत. आखाती युद्धातील, सौदी अरेबियातल्या खाफजीच्या लढाईत ३१ जानेवारी १९९१ रोजी उजाडल्यावरही मदतीसाठी थांबलेली गनशिप पाडली गेली आणि तिच्यातील १४ जण मारले गेले.

सराव कितीही केला तरी जमीन वेगळी निघू शकते. पाकिस्तानातील अबोटाबाद येथे ओसामा बिन लादेनच्या घरावर २०११ मध्ये घातलेल्या अमेरिकी छाप्याची तालीम हुबेहूब उभारलेल्या आवारात झाली होती, पण सरावाच्या आवाराचे कुंपण जाळीचे होते. प्रत्यक्षातल्या उंच भिंतींमुळे पंख्यांची हवा कोंडली आणि एक हेलिकॉप्टर आवारातच आदळले. आतले सर्व बचावले. राखीव हेलिकॉप्टर जवळच तयार ठेवले असल्याने छापा पुढे चालू राहिला.

ब्रिटनमध्ये लष्कर आणि हवाई दल यांची अशी संयुक्त शाखा २००१ पासून आहे. फ्रान्सची विशेष हेलिकॉप्टर रेजिमेंट पो येथे असते. भारतीय हवाई दलाची हिंडन येथील ७७ क्रमांकाची स्क्वाड्रन सी-१३०जे (हर्क्युलिस) विमाने उडवते. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमधील वादी सैय्यिदना येथे दिवे नसलेल्या खराब धावपट्टीवर हवाई दलाचे असेच एक विमान रात्री उतरले. गरुड कमांडोंच्या पहाऱ्यात, इंजिने चालू ठेवूनच, १२१ जणांना घेऊन ते परतले.