बटण कितीही दाबा, डोस ठरलेलाच

ठाण्यात नात्यात कुणाचं ऑपरेशन ठरलं की हा फॉरवर्ड हमखास येतो: ‘दुखण्यासाठी बटणवाला पंप घेऊ नका, पेशंट दाबत राहतो आणि औषध जास्त होतं.’ हा पंप म्हणजे पेशंटने बटण दाबलं की शिरेतून वेदनाशामक औषध सोडणारं यंत्र. काळजी रास्त आहे, पण दोन डोसांमधलं अंतर डॉक्टर पंपात आधीच लॉक करतात. समजा, एका दाबाला १ मिलिग्रॅम मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनाशामक औषध. पुढची ५ ते १० मिनिटं कितीही दाबा, जादा डोस मिळत नाही. गुंगी आली की हातही थांबतो. म्हणूनच बटण पेशंटनेच दाबायचं, मायेपोटी आईनेसुद्धा नाही! या औषधाने श्वास मंदावू शकतो, म्हणून श्वासावर लक्ष मात्र ठेवावंच लागतं. ठरावीक तासांनी टोचलेल्या इंजेक्शनात दुखणं मध्येच उसळतं. पंपात ते कमी. पडताळायचंय? सिस्टरना पंपाची नोंद दाखवायला सांगा: किती वेळा दाबलं, किती वेळा औषध गेलं.